पदवीचं गणित मांडणारा डीन

अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स १९९० ते १९९९ स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे डीन होते. त्याआधी सहा वर्षं हार्वर्डमध्येही डीनच. पण त्यांचं खरं काम १९७३ च्या शोधनिबंधात आहे: पदवीवरून मालकाला उमेदवाराची कुवत कशी ओळखता येते, हे त्यात मांडलंय.

त्यातला हिशेब असा. मालकासाठी एका उमेदवाराचं काम १ मोलाचं, दुसऱ्याचं २ मोलाचं. पण मुलाखतीत दोघं सारखेच दिसतात. य एवढं शिक्षण घ्यायला पहिल्याला य खर्च येतो, दुसऱ्याला य/२. मालकाने १.५ एवढ्या शिक्षणाची अट घातली, की ती पूर्ण करणाऱ्याला पगार २, बाकीच्यांना १. पहिल्याने शिकायचं ठरवलं तर हाती २ − १.५ = ०.५; त्यापेक्षा न शिकता १ बरा. दुसऱ्याच्या हाती १.२५, म्हणून तो शिकतो. अट १ च्या खाली आणली की सगळेच पदवी घेतात, २ च्या वर नेली की कोणीच नाही. दोन्हीकडे निवड फसते. १ च्या जरा वर भागत असताना १.९ मागणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

गंमत म्हणजे इथे शिक्षणाने कौशल्य तसूभरही वाढत नाही, असं मुद्दाम गृहीत धरलंय. आणि हे लिहिणारा पुढे एमबीएच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचा प्रमुख! २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल अ‍ॅकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं.