आतल्या खुर्चीवरची लेक

माझे बाबा सांगलीत व्हायोलिन वाजवायचे. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून, डोळे मिटून. सोबतीला तबला, बस्स. त्यामुळे लेक व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी बहीण, घेऊन अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इंटरलॉकनच्या उन्हाळी संगीत शिबिराला निघाली, तेव्हा ती एकटीनं मैफल मारायला शिकून येणार असंच माझ्या मनात होतं.

पहिल्या आठवड्यातच तिचा रडवेला फोन आला. "आई, सगळ्यांचा गज खाली आणि माझा एकटीचा वर!" ऑर्केस्ट्रात गज कुठल्या सुरावर वर न्यायचा, कुठल्या सुरावर खाली आणायचा, हे आधी ठरतं. ठरलं की पेन्सिलीनं कागदावर खुणा करायच्या. एका स्टँडवर दोघी. पान उलटायचं काम आतल्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या, खुर्चीवरचीचं, आणि ती माझी लेक. ती थांबते, शेजारीण वाजवत राहते, म्हणून सूर तुटत नाही. हे ऐकल्यावर मला खरंच वाईट वाटलं होतं. इतका रियाज करून पान उलटायचं?

ऑगस्टमध्ये शेवटच्या कार्यक्रमाला आम्ही मिशिगनमधल्याच नोव्हाय गावाहून चार तास गाडी चालवत गेलो. दोन तळ्यांच्या मधलं ते झाडीतलं शिबिर. शाळकरी वादकांच्या ऑर्केस्ट्रासाठी जोसेफ मॅडी यांनी ते १९२८ मध्ये सुरू केलं. जिकडे बघावं तिकडे शिबिराच्या गणवेशाचे निळे शर्ट.

इथला उन्हाळा दर वर्षी संगीतकार लिस्ट यांच्या 'ले प्रेल्यूद' या ऑर्केस्ट्राच्या रचनेनं संपतो. मी एकट्या लेकीकडे बघत बसले होते, पण तिचा सूर काही केल्या वेगळा सापडेना. मग मधेच सगळं हळुवार झालं आणि चार हॉर्नबरोबर व्हायोला गाऊ लागले. व्हायोलिनपेक्षा खालचा, किंचित घोगरा आवाज. बाबा खर्जात शिरायचे तेव्हाचा. सगळे गज एका दमात चालले होते. त्यातला तिचा कुठला, हे मी शोधायचं सोडून दिलं.

शेवटी अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीतली, शिबिराची स्वतःची मानली जाणारी इंटरलॉकनची धून झाली. ती संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात, हे लेकीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. तरी माझे हात वर आले, आणि तसेच थांबले. समोर तिनं दोघींचे कागद नीट जुळवले, फाईल मिटली आणि पेन्सिल कानामागे खोचली.