सोलंग ते धुंदी, दुपारी तीननंतर: हिमाचलच्या थंडीत जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर-जानेवारीत मनालीला जाऊन अटल बोगद्यापलीकडे लाहौल बघून यायचा बेत असेल तर आधी एवढं डोक्यात पक्कं करा. बोगदा बारा महिने वापरता येतो, पण मनालीच्या बाजूने बोगद्यापर्यंत नेणारा रस्ता थंडीत दिवसातले मोजके तासच धड असतो. हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. ज्याला पैसे मोजून सोबत घेतलं त्या चालकानेही नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटा दीर आणि जाऊ. सगळी नाशिकची, सुट्टी मिळाली की गडावर जाणारी. त्यामुळे चालणं, चढणं, थंडीचे थरावर थर कपडे यावर इथे काही लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे असं धरते.

२०२४ च्या नाताळाच्या आठवड्यात मनालीच्या वरच्या सोलंगला हजारेक गाड्या आणि पाचेक हजार माणसं बर्फात अडकली होती. कुल्लू पोलिसांनी त्यांना रात्री बाहेर काढलं. त्या बातम्या लक्षात होत्या, म्हणून आम्ही घरची गाडी नेलीच नाही. मनालीत स्थानिक चालकासह फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी ठरवली. बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला जायचं, एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी अकराला निघून परत. भाव बारा हजारांपासून सुरू झाला आणि साडेसात हजारांवर आला. "फोर बाय फोर है मॅडम, टेन्शन नहीं," हे त्याने इतक्यांदा सांगितलं की शंका घ्यायला जागाच उरली नाही.

जाताना सगळं सुरळीत. दोन दिवसांपूर्वी बर्फ पडून गेलेला, आकाश निळं, ऊन कडक. नेहरू कुंडाच्या पुढे पोलिसांनी गाडी थांबवून चाकं पाहिली आणि सोडलं. सीमा सडक संघटनेच्या यंत्रांनी बर्फ बाजूला लोटून दोन्हीकडे भिंती केल्या होत्या. सोलंग, धुंदी, मग नऊ किलोमीटरचा बोगदा, आणि पलीकडे एकदम उघडं, पांढरं लाहौल. सिस्सू सुंदर आहे. त्याचे फोटो सगळीकडे आहेत, मी वर्णन करत बसत नाही.

पण सिस्सूतल्या रात्रीबद्दल सांगायला हवं. उंची सुमारे ३,१०० मीटर, आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली. न्हाणीघरातली बादली सकाळी तळापर्यंत गोठलेली. नळ बंद, पाणी चुलीवर वितळवून मिळतं, ते जपून वापरा. घरात मधोमध लोखंडी तंदूर असतो, त्याचा धूर पत्र्याच्या नळीतून छपराबाहेर जातो, तो सुरक्षित. उलट मनालीत हॉटेलवाल्याने खोलीत कोळशाची अंगीठी आणून ठेवली आणि "दार-खिडक्या बंद ठेवा, उबदार राहील" असं सांगितलं. ती आम्ही तिथल्या तिथे परत केली. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल आणि झरोका नसेल तर खोली बदलून मागा. इथे भीड बाळगू नका.

सकाळी गाडी सुरू होईना. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, त्यातलं मेण गाळणीत अडकतं आणि इंजिनाला पुरवठा होत नाही. चालकाने स्टोव्हची ज्योत टाकीखाली फिरवायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. घरमालकीणबाईंनी त्याला थांबवलं आणि गरम पाण्याची किटली दिली. फडकी भिजवून गाळणीवर आणि नळीवर गुंडाळली, मग कुठे दहाच्या सुमाराला इंजिन लागलं. महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर निघण्याआधीच गोठणरोधक कूलंट भरून घ्या, नाहीतर पाणी गोठून इंजिन फुटू शकतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून जाम होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. आणि सकाळचं ऊन जिथे आधी येतं तिकडे बॉनेट करून गाडी लावा.

आता तो टप्पा.

अकराला निघायचं ठरलं होतं आणि गाडी तयार होती. निघाल्यावर दहा मिनिटांत चालकाने स्नो-स्कूटरवाल्यांच्या टपऱ्यांपाशी गाडी लावली. "आगे जाम है, आधा घंटा." तिथे त्याचं कमिशन होतं, हे आम्हाला नंतर कळलं. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. नवऱ्याने चारदा जाऊन सांगितलं की ऊन उतरायच्या आत पलीकडे जायचं आहे. दर वेळी तेच उत्तर, "फोर बाय फोर है." बोगद्यातून मनालीच्या बाजूला बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि समोरची सगळी दरी सावलीत होती.

तिथे नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण सगळा धोका यातच आहे. नवा, भुसभुशीत बर्फ असतो तेव्हा चाकाला थोडी तरी पकड मिळते. तो शेकडो गाड्यांखाली दाबला जातो. दुपारी ऊन लागून वरचा थर पाझरतो आणि ते पाणी रस्ताभर पसरतं. सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात त्याची पातळ काच तयार होते. ती पारदर्शक असते, खालचा डांबरी रस्ता दिसतो, त्यामुळे नुसता ओला रस्ता वाटतो. आणि शून्याच्या आसपासचा बर्फ फार खोल गोठलेल्या बर्फापेक्षाही निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. म्हणून बर्फ पडत असतानाच्या दिवसापेक्षा मला बर्फ पडून गेल्यानंतरच्या लख्ख उन्हाच्या दिवसाची संध्याकाळ जास्त धोक्याची वाटते.

धुंदीच्या खालच्या वळणावर आमच्या पुढे एक छोटी पांढरी गाडी होती. तिची चारही चाकं थांबलेली मला स्पष्ट दिसत होती, आणि गाडी चालली होती. आवाज नाही, धूर नाही, माणूस चालतो त्या वेगाने तिरकी सरकत ती दरीच्या कठड्याकडे गेली आणि बाजूला ढकललेल्या बर्फाच्या ढिगात रुतून थांबली. आत लहान मूल होतं. ते बघून आमच्या चालकाने ब्रेक दाबला आणि आमची गाडी मागून फिरली. सुदैवाने डोंगराच्या बाजूला.

फोर बाय फोर गाडी चारही चाकांनी ओढते, त्यामुळे चढाला फायदा होतो. थांबवायला चार चाकं तर प्रत्येक गाडीत असतात, त्यामुळे उतारावर ब्रेक मारल्यावर ती इतर कुठल्याही गाडीसारखीच घसरते. मनालीतला प्रत्येक गाडीवाला फोर बाय फोरच्या नावावर जास्त पैसे घेतो, पण त्यातला चाकांना साखळ्या लावून निघणारा शोधावा लागतो. आमच्याकडच्या साखळ्या डिकीत होत्या. त्या या चाकांच्या मापाच्याच नव्हत्या.

मागून आलेल्या एका लाहौली ट्रकवाल्याने उतरून सगळी सूत्रं हातात घेतली. आधी सगळ्यांना गाडीतून उतरवलं. चाकांपुढे फावड्याने माती टाकली. मग आमच्या चालकाला सांगितलं, "ब्रेक को भूल जा. लो में डाल, पहला गियर, और पैर दोनों ऊपर." गाडी इंजिनाच्या जोरावर, गोगलगायीच्या गतीने उतरली. पुढची गाडी वळण पार होईपर्यंत मागच्याने हलायचं नाही, हेही त्यानेच ठरवून दिलं आणि पाळून घेतलं. त्याला पैसे द्यायला गेलो तर त्याने हात जोडले.

आम्ही पायी. आणि पायी चालणं हे वेगळंच संकट. मनालीत भाड्याने मिळणारे गमबूट तळाला गुळगुळीत असतात, ते भुसभुशीत बर्फात खेळायला ठीक, काचेवर उभंसुद्धा राहता येत नाही. सह्याद्रीच्या खडकावर कधी दगा न देणारे आमचे बूटही तितकेच निरुपयोगी ठरले. जाऊ दोनदा पडली, दुसऱ्यांदा मनगटावर. कडेच्या चहाच्या टपरीतली बाई ओरडून म्हणाली, "जूते के ऊपर मोज़े पहनो!" जाड लोकरी मोजे बुटांवरून चढवले आणि खरोखर पाय टिकायला लागले. लोकर ओल्या बर्फाला धरते. पुढच्यांनी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे घरूनच न्यावेत, ट्रेकिंगच्या दुकानात मिळतात. ते नसतील तर मोठ्या मापाच्या लोकरी मोज्यांचा एक जास्तीचा जोड. कोट-बुटांचे माणशी पाचशे मागतात, अडीचशेत देतात. कोट घ्या, बुटांचे पैसे वाया.

सोलंगला पोचलो तेव्हा पूर्ण अंधार होता आणि मागे धुंदीपर्यंत दिव्यांची रांग थांबलेली दिसत होती. चालकाने वर "वेटिंग"चे दीड हजार मागितले. दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका. पूर्ण रक्कम आधी मोजू नका, अर्धी परत आल्यावर द्या, आणि किती वाजता बोगदा ओलांडायचा ते पैसे ठरवतानाच बोलून घ्या. माझ्या मते सिस्सूहून बाराच्या आत निघावं. एकनंतर जो चालक निघू म्हणेल त्याला सरळ सांगा की आज इथेच राहतो. एक रात्र जास्तीचे पैसे गेले तरी परवडतात.

असे अडकलात आणि गाडीतच रात्र काढायची वेळ आली, तर इंजिन सतत चालू ठेवून हीटर लावून बसू नका. सायलेन्सरभोवती बर्फ साचला की धूर आत येतो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात थंडीबरोबर हा वायूही होता. थोडा वेळ इंजिन, मग बंद, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी, आणि दर वेळी सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा. पांघरूण, पाणी, खाऊ मागच्या डिकीत नको, हाताशी हवं.

साखळ्या भाड्याने घेणार असाल तर टायरच्या कडेवर छापलेलं माप मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानातच एकदा चढवून बघा. इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायच्या, आणि निसरडा भाग येण्याआधी सपाटीवर लावायच्या. घसरायला लागल्यावर कुणालाही जमत नाही.

हवामानाचं म्हणाल तर ही बर्फवृष्टी पश्चिमी विक्षोभांमुळे होते. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या प्रणालींची चाहूल भारतीय हवामान खात्याला काही दिवस आधी लागते. शिमल्याच्या हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा रोज बघा. कुल्लू किंवा लाहौल-स्पितीला नारिंगी रंग दिसला की बोगद्यापलीकडे जाऊच नका. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो, चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था तो देते, आणि धुंदीचा पट्टा हिमस्खलनाचाच आहे. हॉटेलवाल्याला "रस्ता चालू आहे का" एवढंच विचारून भागत नाही. कोणत्या गाडीला, साखळीशिवाय की साखळीसह, आणि किती वाजेपर्यंत, हे कुल्लू आणि लाहौल पोलिसांच्या समाजमाध्यमांवरच्या रोजच्या सूचनांत बघा. आणखी एक: जानेवारीच्या उत्तरार्धापासून सिस्सू परिसरातली गावं हालडासारख्या सणांसाठी पर्यटन बंद ठेवतात. त्या काळात जाऊ नका, त्यांचा शब्द पाळा.

मनाली, नग्गरचे दिवस छान गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

परतीचं मात्र लिहायला हवं, कारण बर्फातून सुटल्यावर माणूस सैल पडतो आणि खाली धुकं वाट बघत असतं. मंडीजवळचं बल्हचं खोरं आणि बिलासपूरचा जलाशयालगतचा भाग पहाटे दाट धुक्यात असतो, पुढे अंबाल्यापासून दिल्लीपर्यंत तेच. हवामान खातं ५० मीटरच्या आत दिसत असेल तर त्याला अतिदाट धुकं म्हणतं. ताशी ६० ने जाणारी गाडी तेवढं अंतर तीन सेकंदांत कापते. मनालीहून संध्याकाळी निघणाऱ्या व्होल्वो बसगाड्या नेमक्या पहाटे अंबाला-दिल्लीच्या पट्ट्यात असतात. आम्ही आरक्षण रद्द केलं, सकाळच्या बसने मंडीला उतरलो, तिथे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दहानंतर धुकं उठल्यावर चंदीगड गाठलं. रद्द करण्याचे पैसे कापले गेले, त्याचं काही वाटत नाही. विमान सकाळचं घेऊ नका, दुपारी दोननंतरचं घ्या. झेलम एक्स्प्रेसने जाणार असाल तर सोबत एका जेवणाची जास्तीची सोय ठेवा, धुक्यात ही गाडी कित्येक तास उशिरा धावते आणि मधल्या स्टेशनांवर रात्री काही मिळत नाही.