तुम्ही विचारलंत म्हणून: घटनेनेच बंदूक दिलीय ना?

इथे कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी भारतातून फोन येतो, मंडळाच्या गणपतीत नवीन कोणी भेटलं तरी तेच: अमेरिकेत घटनेनेच प्रत्येकाला बंदूक दिलीय ना, मग तुम्ही लोक तक्रार कसली करता? इतकी वर्षं मी तुटक उत्तरं देत आले, माझं अर्धं ऐकून समोरचा विषय बदलतो आणि मी चिडते. म्हणून आज सगळं लिहिते.

1791 ची ती दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे एकच वाक्य आहे, आणि ते सुरू होतं मिलिशियापासून, म्हणजे सामान्य नागरिकांच्या सैन्यदलापासून. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेला सुव्यवस्थित मिलिशिया लागते, असं आधी, आणि लोकांचा शस्त्रं बाळगायचा हक्क मोडायचा नाही, हे नंतर. सगळ्यांना नंतरचं तेवढं पाठ असतं.

आणि मिलिशिया म्हणजे हौसेने जमलेली टोळी नव्हे हो. मी राहते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहतीच्या काळात साधारण 16 ते 60 वयाचा जवळजवळ प्रत्येक पुरुष गावच्या कंपनीत असायचा, कवायतीच्या दिवशी मैदानावर हजर नाही राहिला तर दंड भरायचा. 1792 च्या कायद्याने तर देशभरासाठी ठरवून दिलं की 18 ते 45 वयाच्या माणसाने नाव नोंदवायचं आणि सहा महिन्यांत स्वतःच्या पैशाने मस्केट, संगीन, चकमकीचे दोन जादा दगड आणि निदान 24 काडतुसं मावतील अशी पेटी आणायची. सरकार बंदूक देत नव्हतं, घेऊन ये म्हणत होतं, आणि आणलेली तपासत होतं, कोणाकडे काय आहे याची यादी वर जात होती. आज बंदुकांची नोंदणी म्हटलं की जे अंगावर येतात त्यांना हे ऐकायचं नसतं. बॉस्टनमध्ये 1783 सालीच घरात भरलेली बंदूक ठेवायला बंदी झाली होती, कारण आग लागली तर विझवायला येणाऱ्यांच्या जिवाला धोका.

शेजची बंडाळी मी नेहमी सांगते, कारण ती आमच्याच भागातली. 1786 मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी जप्तीचे खटले चालू नयेत म्हणून कोर्टं बंद पाडली. ग्रेट बॅरिंग्टनला कोर्टाच्या रक्षणासाठी मिलिशिया बोलावली तर त्यातले बहुतेक जण बंडखोरांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, शेवटी त्यांचेच शेजारी होते ना ते. जानेवारी 1787 मध्ये डॅनियल शेज, जो स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता, माणसं घेऊन स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेला. आत जनरल शेपर्ड होता, तोही त्याच युद्धातला, आणि त्याच्याबरोबर होती मिलिशियाच. तोफा चालल्या, चार शेतकरी मेले. मग राज्याने कायदा केला: माफी हवी असेल तर शस्त्रं जमा करा, निष्ठेची शपथ घ्या, तीन वर्षं मत नाही, शाळेत शिकवायचं नाही. म्हणजे घटनादुरुस्तीच्या चारच वर्षं आधी याच पिढीतल्या लोकांनी नागरिकांची शस्त्रं काढून घेतली होती. सरकारशी लढायला बंदूक दिली असं जे म्हणतात त्यांनी हे एकदा वाचावं.

माझं मत पूर्वी पक्कं होतं. हक्क मिलिशियासाठी होता, 1903 नंतर त्या मिलिशियाची जागा नॅशनल गार्डने, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यदलाने घेतली, विषय संपला. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठीसुद्धा, तेव्हा मी भयंकर संतापले होते.

मग आमच्या ओळखीतल्या एकाच्या दुकानावर रात्री दरोडा पडला. मूळचा साताऱ्याकडचा, मला ताई म्हणतो. गल्ला उघडेपर्यंत पिस्तूल त्याच्या कपाळाला टेकलेलं होतं आणि बायको मागच्या खोलीत माल लावत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं, ती कुठल्याही क्षणी बाहेर आली असती. तो म्हणाला, मला पिस्तुलाची नाही, त्या दाराची भीती वाटत होती. काही दिवसांनी तो आमच्याकडे आला. त्याच्या गावात बंदुकीच्या लायसन्सच्या अर्जाबरोबर पोलीस चीफला ओळखीच्यांची पत्रं द्यावी लागत, त्यातलं एक त्याला माझ्याकडून हवं होतं.

मी पत्राचं राहू दिलं आणि त्याला हे वर लिहिलेलं सगळं सांगितलं. मिलिशिया, कवायत, याद्या, शेज. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, ताई, त्या 1792 च्या यादीत मी बसलो असतो का?

नसता बसला. कायद्यात स्पष्ट आहे, स्वतंत्र, धडधाकट, गोरा पुरुष नागरिक. 1775 ला स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकीत लेक्सिंग्टनच्या मैदानावर गावच्या कंपनीत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा काळा गुलाम उभा होता, इंग्रजांच्या गोळीने जखमी झाला, आणि सतरा वर्षांनी देशाचा कायदा म्हणतो फक्त गोरे. दक्षिणेत तर हीच मिलिशिया आणि गस्तीच्या टोळ्या गुलामांना धाकात ठेवायला फिरायच्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मीच लोकांना सांगत होते. पण तो म्हणाला, म्हणजे हक्क मिलिशियापुरता म्हणता तेव्हा तो मलाही नाही आणि तुम्हालाही नाही, आणि आपण दोघं ते फक्त गोरे लिहिणाऱ्यांच्याच बाजूने वाद घालतोय.

मी पत्र लिहिलं. खरं तेच लिहिलं, की माणूस शांत डोक्याचा आहे.

म्हणून मी आता बंदूकवाली झाले असं मंडळात कोणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. हेलरमधला इतिहास मला आजही एकांगी वाटतो. आणि त्याच्या कपाळावरचं ते पिस्तूलही कधीतरी कुठल्यातरी दुकानात पावती करूनच विकलं गेलं असणार ना? पण हक्काबरोबर नोंद आणि तपासणी होती हे मी 1792 मधून उचलायचं आणि त्यातला गोरा हा शब्द सोडून द्यायचा, हे कुठल्या न्यायाने, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जुनी मी असती तर म्हणाली असती की तत्त्व घ्यायचं आणि पाप टाकायचं. समोरचेही अगदी हेच म्हणतात, फक्त त्यांचं तत्त्व वेगळं असतं.

त्याला लायसन्स मिळालं. शेजवरून मात्र आमचं अजून वाजतं. त्याचं म्हणणं, जमा केलेली शस्त्रं तीन वर्षांनी परत द्यायची असं त्याच कायद्यात होतं, म्हणजे ती लोकांचीच आहेत हे राज्याने मान्य केलं होतं. मी म्हणते, आधी काढून घेतली ना.