छोटी तीस, मोठी पस्तीस

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला. लिहायला बसलं की वर्कशॉपचे सरच समोर येतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सरांचं नाव लिहायची गरज नाही, गावात वर्कशॉपचे सर एकच.

कागदोपत्री ते 'निदेशक'. पोटापाण्याला स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान, शाळेचं मानधन नावापुरतं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथूनच 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आपल्या शाळेत आला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हाताने काम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. गावातल्या कारागिरानेच शिकवायचं आणि मुलांनी गावाचीच कामं करायची, हा त्यातला गाभा. कार्यक्रमात या कामांना 'लोकोपयोगी सेवा' म्हणतात. माती परीक्षण, रक्तगट तपासणी, शोषखड्डे, घरांच्या ग्रिल. सगळ्याचं कॉस्टिंग मुलांनी काढायचं आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे.

सरांच्या वहीत मार्क नसत. 'जमलं' किंवा 'परत', एवढे दोनच शेरे. वेल्डिंगचंच घ्या: 6 मिमीच्या पट्टीवर 3.15 मिमीचा रॉड, करंट 100 ते 120 अँपिअर. करंट कमी पडला तर धातू वरच ढीग होऊन बसतो, पट्टीत मुरत नाही. जास्त झाला तर जोडाच्या कडेला चर पडते. रेघ एकसारखी येईपर्यंत पुढचा जॉब नाही. कुणाला आठवडा लागे, कुणाला अख्खं सत्र. सरांना दोन्ही चालायचं. "पस्तीस टक्के धरलेला जोड गेटाला चालत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण सर खरे कळले ते टाकीमागच्या घुमटाच्या कामात. पाइपांचे त्रिकोण जोडून केलेला गोल सांगाडा, वर जाळी आणि गिलावा. व्यास सहा मीटर, म्हणजे दोन मापांच्या पाइपा: छोटी 164 सेंमी, तीस नग, मोठी 185.4 सेंमी, पस्तीस नग. ही मापं भोकापासून भोकापर्यंतची. टोकं चेपून त्यात भोक पाडायचं, म्हणून कापताना दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंमी जास्त धरायचं. चेपलेली टोकं छोटीची 16 अंशांत आणि मोठीची 18 अंशांत आत वाकवायची. टेपने एकेक पाइप मोजत बसलं तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, आणि शेवटच्या कड्याला ती सगळी चूक एकदम वसूल होते. सरांनी टेप काढूनच घेतला. लोखंडी अँगलवर मापाच्या अंतराने दोन पिना वेल्ड केल्या. पाइप त्यात बसली तर घ्यायची, नाही तर बाजूला. छोटीच्या टोकांना लाल रंग, मोठीला निळा. जिथे पाच टोकं एकत्र येतात तिथे पाचही लालच असली पाहिजेत. ही खूण लक्षात ठेवली की नकाशा बघावा लागत नाही. तळाचं कडं दहा मोठ्यांचं, तेही पाण्याच्या नळीने लेव्हल बघून. नट मात्र वरचा शेवटचा बोल्ट बसेपर्यंत हातानेच फिरवलेले. आधी पाना लावला की सांगाडा ताठरतो, मग वरची भोकं जुळत नाहीत आणि कुणीतरी हातोडा शोधायला लागतो.

जाळी बांधून एकास तीन (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) गिलावा झाला आणि दिवाळीची सुट्टी लागली. वर अंथरलेलं ओलं गोणपाट वाळलं की गिलाव्याला केसासारखे तडे जातात, पावसाळ्यात तिथूनच गळती. शिपाईमामा गावी गेलेले. ऐन पाडव्याच्या सकाळी सर सायकलला बादली अडकवून पाणी मारायला हजर! दुकान बंद नव्हतं त्यांचं, दिवाळीत गेटांची घाई असते. शाळेतल्या कुणाला हे माहीतही नव्हतं. टाकीजवळच्या आजींनी पाहिलं म्हणून कळलं.

त्या वर्गातल्या एकाचं आज पॉलिहाऊसचं काम तीन तालुक्यांत चालतं. एक मुलगी दहावीच्या तांत्रिक विषयावर पॉलिटेक्निकला गेली, आता साइटवर इंजिनिअर आहे. माझ्या शेडवरही पिनांचा अँगल भिंतीला टांगलेला असतो. नवा पोरगा आला की आधी तो दाखवतो.

आता प्रात्यक्षिकाची वही सुबक झाली आहे, चित्रं चिकटवलेली असतात. मशीनवर मात्र कव्हर. गावाचं काम शाळेत येणं जवळपास थांबलं, हे बरं झालं नाही. जबाबदारी नको म्हणून वेल्डिंग बंद ठेवायचं तर चष्मा, हातमोजे आणि अर्थिंग यांवर खर्च करा ना!

घुमट गळतो, असं ऐकलं. पाडायचा विचार असेल तर थांबा. तडा 'व्ही' आकारात खोदायचा, ब्रशने धूळ काढायची, सिमेंटचं पाणी लावून एकास दोन माल दाबून भरायचा आणि सात दिवस ओला ठेवायचा. माल आम्ही आणतो. नववीचा वर्ग एका शनिवारी मोकळा सोडा, आणि पाणी मारायची पाळी आधी लावून ठेवा.