दोडामार्गचे रान आणि रबराचा हिशेब

९ फेब्रुवारी, सावंतवाडी

रान राखण्याबद्दलच्या आजच्या बैठकीत हवामान बदलाचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो आधी काढला की लोक मोबाईल काढतात. सुरुवात पाण्यापासून केली. दोडामार्गातल्या बागायतदाराला पोफळीच्या पाटाचे पाणी कुठून येते हे शिकवावे लागत नाही. वरचे रान गेले की पाट लवकर आटतो, हे त्याने बघितलेले आहे.

या भागाबद्दल मला कायम एक नवल वाटते. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्राने नेमलेली माधव गाडगीळ समिती २०१०-११ मध्ये काम करत होती, तेव्हा सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी ग्रामसभेत ठराव करून सांगितले की आमचा भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा. सरकारने लादण्याआधी लोकांनीच मागितले! आणि २०१३ साली घाटाबद्दलच्या पुढच्या समितीचा, म्हणजे कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला तेव्हा केरळात इडुक्कीकडे त्याच दर्जाविरुद्ध हरताळ झाले. घाट तोच, पाऊस तोच, मग माणसे उलट का वागली? माझे उत्तर साधे आहे. इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर खाण होती. तिकडच्यांना मात्र आपली जमीन आणि घर जाणार असे सांगितले गेले. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल कोण वाचतो? जो आधी घरी येऊन बोलेल त्याचे खरे.

खाणीची भीती हवेतली नव्हती. जुलै २०२१ मध्ये दोडामार्गातल्याच कळणे गावच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचे पाणी घरांत, बागांत शिरले. त्यानंतर खाण नको हे पटवायला तिथे कोणाला भाषण करावे लागले नसेल.

पण खाण बाहेरच्याची असते. तिच्याविरुद्ध गाव एक होतो. रबराचे तसे नाही. इथले बरेचसे जंगल खाजगी मालकीचे, सातबाऱ्यावर भाऊबंदांची रांग. त्यातले निम्मे मुंबईत. जमीन विकली जाते, घेणारा डोंगर साफ करतो, वर्षभरात रबराच्या रांगा उभ्या. कुठे काजू, कुठे अननस. उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीला बंदी घातली, तरी तोड चालूच राहिली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले आणि हा पट्टा संवेदनशील म्हणून अधिसूचित करा असे केंद्राला सांगावे लागले.

आज एका आजोबांनी मला गप्प केले. म्हणाले, "रान राखा म्हणतास, राखतंव. पण काजी लावलंय तर चार पैशे गावतत. रानात माका काय गावता?" मी पाणी म्हटले, भूस्खलन म्हटले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पाणी खालच्या गावाक जाता रे झिला. पैशे माका व्हये."

याला उत्तर हवे. झाडांनी धरून ठेवलेल्या कार्बनचा फायदा सगळ्या जगाला, पाण्याचा खालच्या गावाला, आणि खर्च मात्र या एका म्हाताऱ्याच्या तुकड्याला. गाडगीळ अहवालात याची सोय सुचवलेली आहे. खाजगी जमिनीवर मूळची झाडे राखणाऱ्याला संरक्षण सेवेचा मोबदला द्यावा, असे त्यात आहे. गावात मात्र या अहवालाबद्दल बोलणे निघाले की 'बंदी' एवढेच ऐकू येते. मोबदल्याचे पान कोणी वाचून दाखवत नाही. आम्हीही नाही, कारण आम्हाला वाघ आणि हत्तीबद्दल बोलायला जास्त आवडते.

दोडामार्गातल्या बांबर्डे गावाला जाऊन आलेल्या पोरांचे फोटो मात्र सगळ्यांनी हातात घेऊन बघितले. रानजायफळाची दलदल. झाडांची मुळे गुडघे मुडपून चिखलातून वर येतात, मधून पाणी वाहत राहते, खाली पाय ठेवायला कोरडी जागा नाही. असली जंगले आता घाटात मोजकीच उरली आहेत. हे टिकले ते देवाच्या नावावर राखलेली राई म्हणून. २०२१ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एका बाईने विचारले, दर्जा मिळाल्यावर गावाला काय मिळाले? सगळे हसले. प्रश्न मात्र आजोबांचाच होता.

पश्चिम घाटाचा भाग संवेदनशील जाहीर करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सहा राज्ये मिळून ५६ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र. हरकतींसाठी साठ दिवस, तेही भर पावसात आणि गणपतीच्या धामधुमीत. लावणी आणि चतुर्थी सोडून कोकणात कोण हरकत लिहायला बसेल?

पुढच्या बैठकीआधी मोबदल्याच्या त्या पानांचा मराठी गोषवारा करायचा आहे, दोन पानांत, मोठ्या अक्षरात. आजोबांना पहिली प्रत द्यायची. ते नक्की विचारणार की हे पैसे कोण देणार आणि कधी. त्याचे उत्तर आज कोणत्याच कागदावर नाही, आणि ते लपवून रान राखण्याचा ठराव करून घेतला तर पुढच्या ग्रामसभेत मला कोणी उभे करणार नाही.