कंबर एकच आहे: केटलबेल आणि बारबेल एका आठवड्यात बसवताना (माझा अनुभव)

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. स्वयंपाक अर्धा झालेला आणि गॅस संपला, घरात मी एकटी, भरलेला सिलेंडर मागच्या गॅलरीत. तिथून ओट्याखाली आणायचा तर मध्ये एक दोन इंचाचा उंबरा आहे तो ओलांडायचा, बास. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन १५-१६ किलो (ते टाकीवर लिहिलेलंच असतं), म्हणजे सगळं मिळून ३० किलोच्या आसपास. गोल गोल फिरवत उंबऱ्यापर्यंत आणला आणि तिथे अडकला तो अडकलाच. संध्याकाळी नवरा येईपर्यंत तो सिलेंडर तिथेच उभा होता आणि येताजाता मला दिसत होता. मी तेव्हा ४४ ची, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची. माझ्या आईचं मनगट ६३ व्या वर्षी बाथरूममध्ये नुसतं घसरून मोडलं होतं, हाडं विरळ झालीयेत असं डॉक्टर म्हणाले होते, ते त्या दिवशी सारखं आठवत राहिलं.

मग मी जोरात सुरुवात केली, आणि पहिले सहा महिने आठवडा पूर्ण चुकीचा बसवला. ते सांगायलाच हे लिहितीये, कारण केटलबेल (वर हँडल असलेला लोखंडी गोळा) कशी फिरवायची याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण घरातली केटलबेल आणि जिममधली बारबेल (दोन्ही टोकांना प्लेट लावायची लांब दांडी) हे दोन्ही एकाच आठवड्यात कसं मांडायचं हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

घर पुण्यात कर्वेनगरला, जिम चालत सात मिनिटांवर. तिथल्या मुलाने मला डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभं राहणं), स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) आणि बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) शिकवलं आणि मनापासून शिकवलं. रिकामी बार २० किलोची, तिला ५-५ किलोच्या प्लेट लावल्या की प्लेट लहान असल्यामुळे बार जमिनीच्या फार जवळ येते आणि मग पाठ गोल केल्याशिवाय हात पोचतच नाही, म्हणून त्याने दोन्ही बाजूला खाली जाड प्लेट रचून बार नडगीच्या मध्यापर्यंत वर आणून दिली. नवीन बायकांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

घरी केटलबेल आणल्या, ८ आणि १२ किलोची. पहिली १२ ची मी स्वस्तात घेतली होती, वरून प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेली. हँडल इतकं जाड की मूठ पुरी बंद होईना, आणि खालून जोडाची धार निघालेली. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली तर ११.३ भरली. अख्ख्या लोखंडाची घ्या, ओतीव, एकसंध, हँडलवर बोट फिरवून बघा, धार लागत असेल तर ठेवून द्या. जमिनीसाठी बोहरी आळीतून रबरी मॅट आणली, तिच्याखाली जुनी सतरंजी दुहेरी घातली, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्याच दिवशी वर आल्या होत्या, "अगं, पहाटे पहाटे काय कांडतेस?" तेव्हापासून केटलबेल सोडायची नाही, टेकवायची. ही सवय कमरेसाठीही चांगली निघाली, कारण सेटचा (एका दमात केलेल्या फेऱ्यांचा) शेवटचा रेप, म्हणजे शेवटची फेरी, झाला की लोक ढिले पडतात आणि पाठ नेमकी तिथे दुखावते.

स्विंगमध्ये, म्हणजे केटलबेल दोन्ही हातांनी मांड्यांमधून पुढे छातीपर्यंत झोकताना, मी सगळे करतात तीच चूक करत होते, गुडघ्यात बसून हाताने वर उचलणं. दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या असताना आपण फ्रीजचं दार ढुंगणाने ढकलून बंद करतो ना, तीच हालचाल आहे ही. भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभं राहायचं, पाठ सरळ ठेवून मागे भिंतीला ढुंगण टेकवायचं, जमलं की अजून दोन बोटं पुढे सरकायचं, परत टेकवायचं. आठ दिवस मी वजनाला हात न लावता एवढंच केलं. वर येताना झटका कमरेखालून येतो, केटलबेल छातीपर्यंत आपोआप तरंगत येते, हात फक्त दोरीसारखे. आणि खाली येताना ती दोन मांड्यांच्या मध्ये वर, पार जांघेजवळ जायला पाहिजे, गुडघ्यांच्या खाली लोंबली की सगळा ओढा पाठीवर.

तर एवढं सगळं नीट शिकूनसुद्धा डिसेंबरमध्ये माझी कंबर धरली. एकदम उसण वगैरे नाही, पण सकाळी बेसिनपाशी वाकून तोंड धुवायचं तर एक हात भिंतीला टेकवायला लागायचा. मला वाटलं डेडलिफ्टचा फॉर्म बिघडला, जिममधला मुलगा म्हणाला केटलबेल बंद करा, घरचे म्हणाले सगळंच बंद कर. मी एका फिजिओ बाईंकडे गेले. त्यांनी मला वाकवून, झोपवून, पाय उचलायला लावून सगळं तपासलं, नस वगैरे दबलेली नाहीये म्हणाल्या आणि मग कागद पुढे केला, "गेल्या आठवड्यात काय काय केलंत ते वारानुसार लिहा." मी लिहिलं. सोमवारी डेडलिफ्ट. मंगळवारी घरी १०० स्विंग. बुधवारी स्क्वॉट. गुरुवारी परत १०० स्विंग. शुक्रवारी जिममध्ये वाकून बारबेल रोइंग (बार पोटाकडे ओढणं). रविवारी पाठीवर सॅक घेऊन सिंहगड. त्यांनी प्रत्येक वारापुढे पेनाने एक टिंब काढलं, सहा टिंबं झाली, आणि म्हणाल्या, "व्यायाम सहा असतील हो, पण कंबर तर एकच आहे ना तुमची."

मी जिमचं वेगळं खातं आणि केटलबेलचं वेगळं खातं धरून चालले होते, आणि दोन्हीचे पैसे एकाच खात्यातून जात होते. बँकेत एवढी वर्षं काढून हे मला दिसलं नाही. डेडलिफ्ट काय आणि स्विंग काय, ढुंगण मागे नेऊन कमरेतून वाकणं तेच, एक हळू आणि जड, दुसरं हलकं पण वेगाने. एक दिवसाआड दोन्ही ठेवले की वाटतं आपण बदलून बदलून करतोय, पण पाठीच्या स्नायूंना मोकळा दिवस मिळतच नाही.

तीन आठवडे फक्त चालणं आणि त्यांनी दिलेले साधे व्यायाम केले, मग जानेवारीत आठवडा नव्याने मांडला. पहिला निर्णय असा की तीनच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही मोठ्या माणसांसाठी स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस एवढंच सांगितलंय, त्यामुळे तीन म्हणजे कमी नाहीत. दुसरा निर्णय, वाकण्याची सगळी कामं दोनच दिवशी एकत्र उरकायची आणि मधल्या दिवसांत पाठीला मोकळं सोडायचं.

सोमवारी जिम: डेडलिफ्ट ५ चे ३ सेट, बेंच प्रेस, आणि शेवटी तिथल्याच केटलबेलने छोटे स्विंग, १० चे ५ सेट. जड डेडलिफ्टनंतर लगेच स्विंग हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामुळे मंगळवार-बुधवार मोकळे मिळतात. बुधवारी घरी, वाकण्याचं काहीच नाही: टर्किश गेटअप (कसं ते खाली सांगते), एका हाताने प्रेस (वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), आणि पलंगाच्या कडेला एक हात टेकवून दुसऱ्याने रोइंग. शुक्रवारी परत जिम: स्क्वॉट, वरून खाली ओढायचं लॅट पुलडाऊन आणि मोठे स्विंग, १० चे १० सेट. शनिवारी काही नाही. रविवारी वेताळ टेकडी, सॅक न घेता. सिंहगड बंद केला नाही, पण महिन्यातून एकदाच, आणि सिंहगड केला की सोमवारचे स्विंग त्या आठवड्यात होत नाहीत.

गेटअपबद्दल जरा सांगते, कारण माझा खांदा सुधारला तो यामुळे. जमिनीवर पाठीवर झोपायचं, एका हातात वजन सरळ छताकडे, आणि ते तसंच वर ठेवून आधी कोपरावर, मग तळहातावर, मग कंबर उचलून पाय मागे घेऊन गुडघ्यावर, मग उभं, आणि त्याच वाटेने उलटं खाली. मी पहिले दोन आठवडे वजनाच्या जागी मुठीवर अर्धी भरलेली स्टीलची वाटी ठेवून केलं. मनगट जरा वाकलं की पाणी थेट तोंडावर. कुठल्या टप्प्यावर आपण घाई करतो हे वाटीने जेवढं स्वच्छ दाखवलं तेवढं कुठल्या व्हिडिओने दाखवलं नाही, माझं पाणी दर वेळी पाय मागे घेतानाच सांडायचं. मग ८ किलो, प्रत्येक बाजूला १, असं करत ५-५ पर्यंत.

आता वजन कधी वाढवायचं, इथे परत मी गोंधळले होते. बारबेलवर सोपं आहे, ४० ची ४२.५ केली म्हणजे ६ टक्के वाढ, शरीराला कळतसुद्धा नाही. पण केटलबेल ८ वरून १२ म्हणजे सरळ दीडपट! १२ वरून १६ म्हणजे ३३ टक्के. केटलबेल मूळची रशियातली, तिथलं जुनं माप पूड, एक पूड म्हणजे १६.३८ किलो, म्हणून १६, २४, ३२ अशी वजनं पडली, नंतर मधली ४-४ किलोची आली. हे लक्षात आल्यावर मी दोघांचे नियमच वेगळे केले. बारबेलवर वजन वाढवायचं, रेप तेच. केटलबेलवर वजन तेच, रेप वाढवायचे, भरपूर, आणि मगच पुढची केटलबेल. जिममध्ये २.५ पेक्षा लहान प्लेट नव्हत्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकदम ५ किलो वाढायचे, ते बेंच प्रेसला मला झेपत नव्हतं, म्हणून १.२५ ची जोडी मी स्वतः घेतली आणि पर्समध्ये घेऊन जाते.

प्रेससाठी शिडी करते. डाव्या हाताने १, उजव्याने १, मग २-२, मग ३-३, ही एक शिडी, एका हाताचे ६ रेप. सुरुवातीला अशा ३ शिड्या म्हणजे १८. दर दोन आठवड्यांनी एक शिडी वाढवत ५ केल्या, ३० झाले. मग प्रत्येक शिडीला चौथी पायरी, ५ शिड्यांचे ५० रेप. ८ किलोने ५० सहज व्हायला लागले तेव्हाच १२ ला हात लावला आणि परत १-२-३ वर आले. स्विंगला नवीन वजन आणताना १० पैकी फक्त २ सेट नवीन, तिसरा आणि आठवा, बाकी जुन्यानेच, आणि दोन-तीन आठवड्यांनी अजून एक सेट. दोन सेटच्या मध्ये घड्याळ लावत नाही, एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं की पुढचा सेट, नाही आलं तर अजून थांबायचं. मी खरंच मोठ्याने बोलते, बहुतेक वेळा डब्याला काय करायचं ते.

हे सगळं वहीत लिहिते, २०० पानी साधी वही, वार, वजन, सेट, आणि शेवटी एक शब्द कंबरेचा: मोकळी, जड किंवा धरली. आजोबा लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचे, तालमीत जायचे आणि घरी काढलेल्या बैठका जिन्याखालच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून मांडायचे, पाच झाल्या की आडवी रेघ. मी ती भिंत पाहिलीये. वहीत सलग दोनदा जड आलं की तिसऱ्या दिवशी स्विंग निम्मे, विचार करत बसायचं नाही. दर चौथ्या आठवड्याला तसंही वजन तेच ठेवून सेट निम्मे करते. मार्चचा शेवटचा आठवडा कायम असा हलका धरलाय, कारण इयर एंडला बँकेतून घरी यायलाच नऊ-दहा वाजतात आणि झोप झालेली नसताना जड डेडलिफ्ट मी करत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत फक्त गेटअप आणि प्रेस.

हाताचं एक. तळहाताला बोटांच्या मुळाशी घट्टे येतात, ते वाढू दिले की एक दिवस स्विंग मारताना अख्खा सोलून निघतो. माझा निघाला होता, आणि त्याच संध्याकाळी कणीक मळायची होती, मीठ घातलेली, डोळ्यात पाणी आलं. आता अंघोळीला वज्री पायाबरोबर हातावरही फिरवते आणि हँडल तळहाताच्या मध्यात न धरता बोटांच्या आकड्यात धरते.

खाण्याचं मी फार काही केलं नाही. मी ६१ किलोची, दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जावं बघते, त्यासाठी सकाळी २ अंडी, डब्यात मटकी किंवा हरभऱ्याची उसळ भाजीसारखी चमचाभर न घेता वाटीभर, रात्री पनीर किंवा दही, आणि कमी पडेल त्या दिवशी दुधात एक स्कूप व्हे (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर).

डेडलिफ्ट गेल्या महिन्यात ७० किलोचे ५ झाले. सिलेंडर आता मीच आत आणते, उंबऱ्यापाशी पाय रुंद करून, ढुंगण मागे, दोन्ही हातांनी वरची कडी धरून. कंबर वहीत गेले अकरा आठवडे मोकळी आहे. दिवाळीत २० ची केटलबेल घेतली, ही मात्र काट्यावर घालूनच, १९.९ भरली. उद्या शुक्रवार, जिममध्येही २० ची आहे. वहीत आजच लिहून ठेवलंय: तिसरा आणि आठवा सेट २० ने, बाकी १६.