तलतच्या आवाजातील आर्जव

तलत महमूद यांचे नाव निघाले की बहुतेक रसिकांना हिंदी चित्रपटांतील विरहगीते आठवतात आणि 'दुःखाचा गायक' एवढ्यावरच त्यांची बोळवण होते. मला हे अन्यायाचे वाटते. तलत मुळात प्रेमाचा गायक आहे, आणि त्याच्या प्रेमगीतांची ओढ लागते ती त्यांतील अदबीमुळे. ज्या व्यक्तीला उद्देशून तो गातो, तिच्यावर त्याचा आवाज कधीही हक्क सांगत नाही.

आम्हा सांगलीकरांच्या कानांना हे गाणे तसे परके. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथे गाणाऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोहोचला पाहिजे, ही अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. नाट्यसंगीताचे निस्सीम भक्त असलेले माझे आजोबा म्हणत, "हा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जायचा नाही." त्यांचे निरीक्षण अचूक होते, कारण तलतचा आवाज मायक्रोफोनसाठीच होता, जवळ बसून बोलावे तितक्या हळू आवाजात गाण्याची मुभा ध्वनिमुद्रणाने दिली आणि तलतने तिचे सोने केले. मात्र शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचा कोमल, आर्त स्वर ज्यांनी डोक्यावर घेतला, त्यांना तलत कळायला फार वेळ लागला नसावा, असे मला नेहमी वाटते.

तलतचा जन्म १९२४ सालचा, लखनौचा. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या प्रयत्नांतून तेथे उभ्या राहिलेल्या मॅरिस कॉलेजात तो गाणे शिकला आणि चित्रपटांत येण्यापूर्वीच गझलगायक म्हणून नावारूपाला आला. त्याच्या आवाजातील सूक्ष्म कंप काहींना दोष वाटला. संगीतकार अनिल विश्वास यांनी मात्र तोच कंप हवा म्हणून जपला, आणि 'आरजू' (१९५०) या चित्रपटातील 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल'मधून तो घरोघरी पोहोचला. हा कंप गळ्याची करामत म्हणून येत नाही. मनातले बोलावे की बोलू नये, या घालमेलीत माणसाचा आवाज जसा किंचित हलतो, तसा तो हलतो, आणि म्हणूनच शब्दांच्या आधी त्याच्यावर विश्वास बसतो.

'सुजाता' (१९५९) या चित्रपटातील 'जलते हैं जिसके लिए' हे गाणे मला या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाटते. सुनील दत्त टेलिफोनवरून गातो आणि दुसऱ्या टोकाला नूतन ते निःशब्दपणे ऐकते. मजरूह सुलतानपुरींचे शब्द आणि सचिनदेव बर्मन यांची चाल दोन्ही संयत आहेत. पण समोरच्या मुलीच्या मनात जातीच्या बंधनाने घर केलेला संकोच आहे, हे जाणून गावे तसे तलत गातो. ओळीच्या शेवटी तो स्वर ताणून धरत नाही, अलगद सोडून देतो आणि ऐकणारीला तिच्या मौनासाठी जागा ठेवतो. दुसऱ्या एखाद्या दमदार गळ्यातून हेच गाणे सुंदर झाले असते, पण ते टेलिफोनवरचे राहिले नसते.

'छाया'तील (१९६१) 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' हे लताबाईंबरोबरचे द्वंद्वगीत तर मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवर सलील चौधरींनी बेतलेले, चपळ चालीचे आहे. त्या गतीतही त्याची अदब सुटत नाही.

आणि 'मोलकरीण' या मराठी चित्रपटातील 'हसले आधी कुणी' आमच्या जिल्ह्याने तर विसरूच नये. गीतकार पी. सावळाराम वाळवा तालुक्यातील येडेनिपाणीचे, तलतबरोबर गाणाऱ्या आशाबाईंचा जन्म सांगलीचा, आणि संगीत वसंत देसाई यांचे. आधी कोण हसले, तू की मी, हा त्यातील लाडका वाद आहे. आशाबाई तो खट्याळपणे घालतात. तलत मात्र प्रश्न असा विचारतो की तिचे उत्तर काहीही आले तरी त्याला ते मान्य असावे.